वाईच्या घाटावर

श्रोतेहो, वाईच्या बाजाराला आलात की कृष्णेच्या घाटावर जरूर उतरा. पायऱ्यांवर बायका धुणी धूत असतात, शेजारी ढोल्या गणपतीचं देऊळ. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ साली अगदी नदीकाठी बांधलं. दर्शन घेऊन आपण लगेच परततो. पण थांबा, जरा मागच्या बाजूला वळसा घाला. देवळाची पाठभिंत माशाच्या आकाराची, टोकाला निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आला की दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. बांधणाऱ्यांनी पाण्याला वाट ठेवली, म्हणून देऊळ टिकलं. गुरुजी, सनावळी पाठ करून घेण्याआधी मुलांना ही भिंत दाखवा. आणि नदीकाठी घर बांधायचं ज्याच्या मनात असेल, त्यानंही ती एकदा पाहून घ्यावी.