पाचव्या चाकावरचे घर

जर्मन किंवा फ्रेंच माणूस एखाद्याला 'गाडीचे पाचवे चाक' म्हणतो, तेव्हा हा इथे नसता तरी काही अडले नसते, असे त्याला म्हणायचे असते. म्हण जुनी आहे. अकराव्या शतकात लिएजच्या एग्बर्टने केलेल्या लॅटिन संग्रहातही ती सापडते. गाड्या बनवणाऱ्या सुतार-लोहारांनी मात्र इंग्रजीत हेच नाव अशा वस्तूला दिले, जिच्यावाचून चारचाकी गाडी धड वळत नाही.

ती वस्तू म्हणजे आडवी बसवलेली लोखंडी कडी. आपल्या दोन चाकांच्या बैलगाडीला तिची गरज नाही. बैल वळले की अख्खी गाडी वळते. चार चाके आली की पुढचा आस स्वतंत्रपणे फिरावा लागतो. मुंबईच्या जुन्या व्हिक्टोरियासारख्या बग्गीत कोचमनच्या बैठकीखाली वाकून पाहावे. एक कडी आसाला जोडलेली, दुसरी वरच्या सांगाड्याला, दोहोंमध्ये वंगण आणि मधोमध उभा खिळा. वळताना कडीवर कडी घासत फिरते. आकार चाकाचा, म्हणून पाचवे चाक. मधल्या खिळ्याला म्हणत किंगबोल्ट.

घोडे गेले, मोटारी आल्या, कडी राहिली. १९१४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे फ्रेडरिक सिब्ली नावाचा लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली होडी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीने ओढून न्यायची होती. त्यासाठी बनवलेल्या वाहनाला फ्रूहॉफने 'सेमी-ट्रेलर' म्हटले. सेमी म्हणजे निम्मा. मागचा भार स्वतःच्या चाकांवर, पुढचा ओढणाऱ्याच्या पाठीवर. इतका नेमका उपसर्ग यंत्रांच्या नावांत क्वचित सापडतो. न्हावा-शेव्याहून कंटेनर घेऊन निघणाऱ्या अजस्र गाड्या याच जातीच्या. केबिनच्या मागे ग्रीसने माखलेली, मागून खाच असलेली जी जाड तबकडी दिसते, ते पाचवे चाक. ट्रेलरच्या पोटाखालून त्या खाचेत शिरणारा दोन इंची खुंट म्हणजे किंगपिन. हरयाणा-राजस्थानाकडे ओढणारी गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडगोळीला आजही 'घोडा-ट्राला' म्हणतात.

ही जोडणी राहत्या घराला लावली ती विमानविद्येतल्या ग्लेन कर्टिसने. १९२० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात त्याने 'एरोकार' नावाची फिरती घरे बनवली आणि जोडणीसाठी विमानाचे हवा भरलेले चाक ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या भागात चक्क आडवे बसवले. धक्के त्या चाकातच जिरत. तिथे 'पाचवे चाक' हे शब्द अक्षरशः खरे झाले. पुढे नाव जोडणीवरून घरावर सरकले. आज अमेरिकेत कुणी 'आम्ही फिफ्थ व्हील घेतले' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर असते. ती तबकडी नसते.

'ट्रेलर'चे तसे नाही. 'ट्रेल' म्हणजे मागून फरफटत येणे. त्याची मुळे लॅटिनमधल्या ओढजाळ्याच्या शब्दापर्यंत पोचतात आणि त्यामागे बहुधा 'ओढणे' हाच धातू आहे. ट्रॅक्टर तर थेट त्याच धातूचा, म्हणजे ओढणारा आणि ओढला जाणारा दोघे एकाच घरचे. सिनेमाचा ट्रेलरही आधी पिक्चर संपल्यावर, त्याच्या शेपटाला लावून दाखवत. ब्रिटनमध्ये ट्रॅव्हल ट्रेलरला, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घराला, कॅरॅव्हॅन म्हणतात. तो फारसी 'कारवान', आणि त्याचीच शेपटी तोडून 'व्हॅन' झाली. गोरेगावच्या चित्रनगरीतली व्हॅनिटी व्हॅन त्याच वंशातली.

फिरते घर घेताना ट्रॅव्हल ट्रेलर निवडावा की फिफ्थ व्हील, याचे मर्म या दोन्ही नावांतच आहे, असे मला वाटते. ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकतो, म्हणजे मागच्या आसाच्याही बराच मागे. तो खरोखर शेपटासारखा येतो आणि बाजूने वारा आला किंवा मोठा ट्रक शेजारून गेला की शेपटासारखाच हलू शकतो. हे टाळायला पुढच्या दांड्यावर, अमेरिकन भाषेत 'टंग'वर, ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. बैलगाडी मागे जड भरली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. गाडी उलाळ झाली, असे आपण म्हणतो. ट्रेलर असा उलाळ झाला की महामार्गावर नागमोडी डुलू लागतो आणि मग त्याला सावरणे फार अवघड. भार वाटून देणारी, डोलणे रोखणारी 'हिच', म्हणजे जोडणी, मिळते, ती घ्यावीच.

फिफ्थ व्हीलचा खुंट पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे बसतो. त्यामुळे गाडी-घराची जोडी स्थिर चालते, आणि घराचा पुढचा भाग हौद्यावर येत असल्याने तेवढ्याच लांबीच्या घरासाठी एकूण लांबी कमी भरते. त्या पुढच्या भागात दोन-तीन पायऱ्या चढून झोपायची खोली. किंमत मोजावी लागते ती उंचीत आणि भारात. घर बारा-तेरा फुटांवर जाते, म्हणून पूल आणि फांद्या जपाव्या लागतात. खुंटावर घराच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के भार पडतो. एसयूव्हीला हे घर जोडता येत नाही, आणि पिकअपचा हौदा सामानाला उरत नाही.

दर दोन दिवसांनी मुक्काम हलवणाऱ्या, मुलांबरोबर सायकली नेणाऱ्या कुटुंबाने ट्रॅव्हल ट्रेलर घ्यावा, असे माझे मत. महिनोन्‌महिने त्यातच राहणाऱ्या, मोठा पिकअप असलेल्या जोडप्याने फिफ्थ व्हील. अमेरिकेत निवृत्तीनंतर असा बेत करणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एका शब्दापासून सावध राहावे, तो म्हणजे 'हाफ-टन'. कधीकाळी हे पिकअप खरोखर अर्धा टन, म्हणजे हजार पौंड, वाहत. आता ते पुष्कळ जास्त वाहतात, आणि नाव नुसता वर्ग दाखवते. खरा आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. दहा हजार पौंडांच्या फिफ्थ व्हीलचा खुंट त्यातले दोन हजारांच्या आसपास घेतो; हिच, माणसे आणि सामान त्याशिवाय.