अर्धी राहिलेली वाकळ

जुन्या घरांच्या माळ्यावर एखादा पेटारा असतोच, आणि त्या पेटाऱ्याच्या तळाशी ज्याविषयी कोणी फारसे बोलत नाही असे एखादे गाठोडेही असते. आमचे घर अंत्रुज महालातले. चवथीपूर्वीच्या साफसफाईत यंदा आमच्या घरचे असे गाठोडे खाली आले. सोडून पाहिले, तो आत एक अर्धी शिवलेली वाकळ निघाली. कडेकडेने टाके घातलेले, मधला भाग तसाच मोकळा, आणि जेथे हात थांबला तेथे सुई टोचून ठेवलेली. सुईचा गंज कापडात उतरून तपकिरी डाग पडला होता. ही वाकळ आमच्या काकींनी १९५६ साली शिवावयास घेतली होती.

आता हिचे करावे काय, यावर घरात तीन मते पडली. एक मत असे की, काकींच्या हाताची खूण आहे तशीच राहू द्यावी. तीत दुसऱ्याचा टाका पडणे बरे नव्हे. दुसरे मत असे की, कापड जीर्ण झाले, त्याचा मोह धरण्यात अर्थ नाही. तिसरे मत घरच्या सुनेचे. ती म्हणाली, "वाकळ पांघरण्यासाठी असते. ती पुरी झाली नाही, तर तिला वाकळ तरी कशी म्हणावी?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा तो केवळ आमच्या घरापुरता नाही असे आमच्या ध्यानात आले. म्हणून या वस्तूचा पूर्वेतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडीत आहोत.

आपण जिला वाकळ किंवा गोधडी म्हणतो, तीच बेळगाव-धारवाडच्या कानडी मुलखात कौदी होते, माळव्यात आणि ग्वाल्हेरीकडे गुदडी, गुजराथेत गोदडी, कच्छ-सिंधमध्ये रल्ली, बिहारात सुजनी आणि बंगाल्यात कांथा. संस्कृतातील कंथा हीच. भर्तृहरीच्या वैराग्यशतकातील विरक्ताच्या अंगावर ती आहे, आणि नाथपंथी योग्याच्या वेषातही तिला मानाचे स्थान आहे. अलीकडच्या काळात गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र अंगावर बाळगले, आणि लोक त्यांस गोधडे महाराज म्हणू लागले. जुने कापड जोडून केलेले वस्त्र हे आपल्याकडे दारिद्र्याचे चिन्ह खरे, पण त्यागाचेही चिन्ह आहे. आणि म्हणूनच त्याची कोणास लाज वाटली नाही.

बौद्ध विनयग्रंथांत या शिवणकामाची एक सुंदर हकीकत आहे. मगध देशातील बांधबंदिस्तीची भातखाचरे पाहून भगवान बुद्धांनी आनंदास विचारले की, भिक्षूंची चीवरे या खाचरांसारखी करता येतील काय? तेव्हापासून तुकडे जोडून चीवर शिवण्याची रीत पडली. याच परंपरेत वर्षावासानंतर कठिन चीवराचा विधी असतो, आणि त्याचे चीवर ज्या दिवशी हाती घ्यावयाचे, त्याच दिवशी कापून शिवून पूर्ण करावे लागते. अनेक भिक्षू एकत्र बसतात, तेव्हाच हे काम पार पडते. या नियमात शिवणकाऱ्यांच्या स्वभावाची पारख आहे, असे आम्हांस वाटते. हातातले शिवण एकदा बाजूस पडले की ते किती वर्षे पडून राहील याचा नेम नसतो, आणि एकट्याच्या हातून ते पुरे होणे कठीण, हे त्या काळीही ठाऊक असले पाहिजे.

गोव्याच्या इतिहासातही गोधडीची नोंद आहे. लिन्सखोटेन नावाचा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यात आर्चबिशपच्या पदरी चाकरीस होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. खंबायतकडील मालाचे वर्णन करताना त्याने रेशमाने आणि रंगीत सुताने टाचलेल्या सुंदर पांघरुणांचा उल्लेख केला असून, त्यांचे नाव 'गोदोरीन' असे दिले आहे. हा आपलाच गोदडी शब्द, हे सांगणे नको. त्या गोधड्या व्यापाराच्या होत्या, मोल देऊन घेतलेल्या. घरची वाकळ मात्र बाजारात गेली नाही, म्हणून तिची नोंद कोणत्याही वहीत नाही. तिचा इतिहास तिच्या थरांतच वाचावा लागतो.

हे थर कसे पडत, ते सांगतो. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर. त्याची चौपदरी घडी घातली की बरोबर दोन मीटरांहून किंचित अधिक, म्हणजे माणसाच्या निजण्याइतकी लांबी मिळते. जणू अंगावरून उतरल्यावर अंगाखाली येण्यासाठीच ते विणलेले असावे. सारवलेल्या जमिनीवर अशी घडी अंथरावयाची, कडांवर दगड किंवा पाटे-वरवंटे ठेवून ती ताणावयाची, वरून धोतरांचे, झग्यांचे, खणांचे तुकडे मांडावयाचे, आणि मग धावदोऱ्याने सगळे थर एकत्र बांधावयाचे. टाक्यांच्या ओळी दोन-दोन सेंटिमीटरांवर धरल्या आणि टाका सेंटिमीटरभर धरला, तरी एवढ्या वाकळीस सुमारे ११,००० टाके पडतात. हे काम उन्हाळ्यातील दुपारचे. चार कडांना चौघीजणी बसत. म्हणून एकाच वाकळीत बारीक टाका आणि भरड टाका शेजारी-शेजारी दिसतो, आणि जाणत्या बायका टाका पाहून हात ओळखतात. कित्येक घरांत शेवटची फट मिटवण्यापूर्वी आत भाकरीचा किंवा पोळीचा लहानसा तुकडा घालतात. वाकळीचे पोट रिकामे राहू नये, आणि ती पांघरणाराही उपाशी राहू नये, एवढाच त्यातला भाव.

मग अशी वस्तू अर्धी का राहू लागली? याचा दोष आपण सहसा स्त्रियांच्या आळसाला किंवा नव्या चालीरीतींना देतो. ते न्याय्य नव्हे. कारणे कापडातच आहेत. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ मध्ये चालू झाली. गिरणीच्या कापडाने आरंभी गोधडीस काही अपाय केला नाही. उलट सुती कापड स्वस्त झाले आणि घरात जुनेर अधिक साठू लागले. खरा पालट पुढच्या शतकात झाला. नऊवारी मागे पडून पाचवारी आली, आणि घडीचे जुने गणित मोडले. त्यानंतर टेरिलीन आले. ते कापड लवकर विटत नाही, घाम टिपत नाही, आणि धुऊन धुऊन सुतासारखे मऊही होत नाही. पुण्या-बेळगावकडील शहरांत बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देऊ लागली, तेव्हा गोधडीत जावयाचे कापड मांडणीवरच्या डब्यांच्या रूपाने घरात परत आले. घरे लहान झाली, चौघींनी बसावे अशी पडवी उरली नाही, आणि चौघींना एकाच दुपारी सवड मिळेनाशी झाली. जे काम मुळात चौघींचे, ते एकीच्या अंगावर पडले. मग ते गाठोड्यात गेले, यात नवल ते काय!

आमच्या काकींच्या वाकळीस याहून निराळे कारण घडले. त्यांची कन्या, आम्हां सर्वांची अक्का, इंदुरास दिली होती. पहिल्या बाळंतपणास ती माहेरी येईल म्हणून काकींनी बाळ-बाळंतिणीसाठी ही वाकळ मांडली. परंतु १९५५ साली गोव्यातील सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली, रेल्वे बंद पडली, आणि सरहद्दीवरील ये-जा दुष्कर झाली. अक्का येऊ शकली नाही. बाळ इंदुरासच जन्मले, आणि पत्राने बातमी आली त्या दिवशी काकींनी सुई टोचून वाकळ गुंडाळून ठेवली, असे घरात सांगतात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ते मूल पाच वर्षांचे होते. बाळंतविड्याची वेळ केव्हाच टळली होती. राजकारणाच्या इतिहासात कोंडीची नोंद आहे. आमच्या घरापुरती तिची नोंद या गंजक्या सुईने ठेवली.

यंदा चवथीस अक्का आली. वय नव्वदीच्या उंबरठ्यावर. बरोबर चिरंजीव, तेच १९५६ चे बाळ, आता सत्तरीच्या घरात. वाकळ तिच्यापुढे पसरली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगू लागली: हा बाबांच्या धोतराचा, हा माझ्या शाळेतल्या झग्याचा, हे आजीचे लुगडे, आणि हा हिरवा खण देवीच्या ओटीतला, प्रसाद म्हणून मिळालेला. तो एका टोकाला, अगदी कडेला लावलेला होता. देवीच्या प्रसादाला पाय लागू नये म्हणून ती उशाकडची बाजू, हे तिने सांगितले तेव्हा वाकळीची दिशा आम्हांस कळली. तोपर्यंत आम्ही ती उलटी धरून बसलो होतो.

त्या क्षणी आमच्यातील पहिले मत मावळले. वाकळ आहे तशी जपली असती, तर कापड राहिले असते, पण ते वाचणारे मनुष्य आणखी किती वर्षे लाभणार होते?

ती पुरी कशी करावी, याचा धडा आम्हांस उत्तर कानडा जिल्ह्यातील सिद्दी भगिनींच्या कामातून मिळाला. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानपट्ट्यात राहणाऱ्या या समाजातील पुष्कळांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांनी गोव्यात आणले आणि तेथून निसटून त्यांनी घाटावरची राने गाठली. त्यांच्या घरची भाषा कोकणीचाच एक प्रकार आहे. २००३ साली त्यांस अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. ती कडेपासून सुरू होते, फेऱ्याफेऱ्यांनी आत सरकत मध्यावर संपते, आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे, म्हणजे फुले, बसवली जातात. फुलांवाचून कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. आरंभीच्या आणि शेवटच्या टाक्यांत महिने जावोत, शेवट कोठे आहे हे प्रत्येक फेऱ्यास ठाऊक असते. आमच्या काकीही कडेपासूनच आत आल्या होत्या. म्हणजे वाट त्यांनीच आखून ठेवली होती. आम्हांस फक्त पुढे चालावयाचे होते.

ज्यांच्या घरी असे काम पडून आहे, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी नमूद करतो. प्रथम वाकळ सावलीत उलगडून वारा द्यावा, आणि कापड उजेडासमोर धरून विरलेल्या जागा पाहाव्यात. जेथे ते बोटाच्या ताणानेही उसवते, तेथे खालून मऊ सुती कापडाचा आधार द्यावा; जुने ठिगळ काढून टाकू नये. दोरा सुतीच घ्यावा. पक्का नायलॉनचा दोरा जीर्ण कापडास चिरत जातो. आधी लांब कच्चे टाके घालून थर स्थिर करावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपला टाका पूर्वीच्या टाक्यासारखा दिसावा असा खटाटोप करू नये. काकींचा दोरा पांढरा होता. आम्ही तांबडा घेतला. त्यांचे काम कोठे थांबले आणि आमचे कोठे सुरू झाले, हे पुढच्यांस डोळ्यांनी दिसले पाहिजे. गंजलेली सुई अलगद काढली. डाग तेवढा राहू दिला.

सुनेने, तिच्या दोघी जावांनी आणि शेजारच्या वहिनींनी मिळून अकरा दुपारी काम केले. अक्काच्या डोळ्यांना आता सुई ओवता येत नाही. तिने शेवटची फट मिटण्यापूर्वी भाकरीचा तुकडा आत ठेवला. तिने सांगितलेली तुकड्यांची हकीकत एका वहीत उतरून घेतली, आणि मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर १९५६ हे साल आणि त्याखाली यंदाचे साल तांबड्या दोऱ्याने घातले.

अक्का निघण्याच्या आदल्या रात्री पाऊस होता. तिचे चिरंजीव पडवीत निजले होते. ती उठून हळूच गेली आणि हिरवा खण उशाकडे येईल अशी ती वाकळ तिने त्यांच्यावर घातली. सकाळी त्यांनी घडी करून विचारले, "आई, ही आपण नेऊ या ना?" ती म्हणाली, "तुझीच आहे ती. थोडा उशीर झाला, इतकेच."