चौसष्ट हिश्श्यांचे अंगण

वाडा म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. दिंडीदरवाजा, चौक, चौकात तुळशीवृंदावन, ओसरीवर झोपाळा. कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी हे चित्र इतके पक्के केले आहे की मुसलमानाच्या घराला कुणी वाडा म्हणत नाही. ते 'मोहल्ल्यातले घर' ठरते. नाशिकपुरते बोलायचे तर हे चित्र अपुरे आहे.

जुने नाशिक हे टेकांवर वसलेले गाव. जुनी गढी, नवी गढी, जोगवाडा, डिंगरआळी, चित्रघंटा, पठाणपुरा, कोकणीपुरा ही नावे वाचली तरी गावात कोण कोण शेजारी राहत आले ते कळते. मोगलांच्या अमलात या गावाला गुलशनाबाद म्हणत. पेशव्यांनी १७५१ मध्ये नाशिक हे नाव पुन्हा चालू केले आणि १८१८ मध्ये इंग्रज आले. राज्ये बदलली तरी घर बांधणारे गवंडी आणि सुतार तेच राहिले. पाया काळ्या दगडाचा, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, पेठ-सुरगाण्याच्या रानातले सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचन आणि सर्वांत वर मातीचे धाबे. सरकारवाडा पेशव्यांचा होता म्हणून तो इतिहासात गेला. तीच रीत लहान प्रमाणात बागवानपुऱ्यातही होती आणि पिंजारघाटावरही. फरक असायचा तो चौकात. हिंदूंच्या चौकात तुळस, आमच्याकडे वुजूसाठी लहानसा हौद. बाकी खांबांची नक्षीसुद्धा एकाच हाताची.

आमचे घरही असेच. त्याला वाडा म्हणावे की नाही यावर आमच्यातच दोन मते आहेत, कारण ते एकमजली आहे. पुढे दोन गाळे, मग देवडी, देवडीतून आत गेले की तिन्ही बाजूंना खोल्या आणि मागे मोठे मोकळे अंगण. अंगणात आड, एक कडुनिंब, लिंबाचे झाड, मेंदीचे कुंपण आणि दादीने लावलेला गावठी गुलाब. गुलशनाबादचे एवढेच अवशेष आमच्या वाट्याला आले.

या अंगणाचा उपयोग काय, असे आमच्या पुढच्या पिढीने विचारले. प्रश्न रास्त आहे. जुन्या नाशकातला भाव ऐकला की मोकळी जागा ठेवणे हा गुन्हाच वाटतो. पण त्याचे उत्तर आमच्या घरातल्या बायकांनी केव्हाच देऊन ठेवले होते. पडद्याची रीत पाळणाऱ्या घरात पुरुषाला रस्ता असतो, चौक मंडई असते, मशीद असते, गोदेचा घाट असतो. बाईला आभाळ दिसते ते अंगणातून. शेवया वाळत घालायच्या त्या तिथेच, केस धुवायचे ते तिथेच, उन्हाळ्यात रात्री गप्पा मारत झोपायचे तेही तिथेच. निकाहचा मांडव या अंगणात पडला आणि जनाजाही इथूनच उठला. वाड्याच्या इतिहासात बायकांच्या या आभाळाबद्दल कुणी फारसे लिहिलेले नाही. नक्षीदार खांबांबद्दल मात्र पुष्कळ लिहिले आहे.

आता हे वाडे पडतात का? दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि दरवर्षी एखाद-दुसरा वाडा कोसळल्याची बातमी येते. दोष पावसाला दिला जातो. गोदेचा पूर नाशिकला नवा नाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले यावर तो मोजायचा ही इथली रीत. १९६९ चा पूर थोरांनी पाहिला, २००८ चा आणि २०१६ चा आम्ही पाहिला. काझीच्या गढीची माती तर दर पावसाळ्यात थोडी थोडी खाली येते आणि कडेवरच्या घरांचे काळीज वरखाली होते. तरीही आमचे मत असे की बहुतेक वाडे पाण्याने पडलेले नाहीत. पांढऱ्या मातीचे धाबे दर उन्हाळ्यात वरून लिंपले, पन्हळी साफ ठेवल्या, तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. लिंपण थांबते तेव्हा घर पडायला सुरुवात होते. लिंपण थांबते, कारण ते कुणी करायचे हे ठरत नाही.

यात कायद्याचाही हात आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण धरले. युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात भाडेकरूला त्याने आधार दिला, हे नाकारता येणार नाही. पण तो आधार अर्धे शतक तसाच गोठून राहिला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे गोठवणाऱ्या या तरतुदी काळाबरोबर अवाजवी झाल्याचे म्हटले. पुढे १९९९ चा नवा कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. ज्या गाळ्याचे भाडे चहाच्या किमतीएवढे होते, त्यात चार टक्के घालून धाब्याची माती येत नाही. मालक म्हणतो भाडेकरूने करावे, भाडेकरू म्हणतो मालकाने करावे, आणि दोघांच्या मध्ये तुळई वाळवी खाते.

मात्र कायद्यापेक्षाही मोठे कारण घरातच आहे, आणि त्याबद्दल आपल्या समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही. ते म्हणजे विरासत.

हिंदू एकत्र कुटुंबात मुलाला जन्मतःच हक्क मिळत असे. मुलीला तसा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. आमच्याकडे जन्माने हक्क कुणालाच नाही. माणूस गेला की त्या क्षणी वारसांचे हिस्से ठरतात, आणि त्यात मुलगी पहिल्यापासून आहे. कुरआनातल्या सूरह निसाने तिला हिस्सा दिला, मुलाच्या निम्मा का होईना, पण ठरलेला. हे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात काय होते? बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिने दिली नाही तर माहेर तुटते. अनेक जमातींत तर रिवाजाच्या नावाखाली मुलीला काहीच मिळत नसे. कच्छी मेमन विरासतीत हिंदू रिवाज पाळत. १९३७ च्या शरियत कायद्याने रिवाज बाजूला सारला, पण शेतजमीन त्यातून वगळली. म्हणजे जिथे जमीन जास्त तिथे बहिणीचा हक्क कमी.

आमचे दादा १९७१ मध्ये गेले. मागे दादी, तीन मुलगे, दोन मुली. फराइजच्या हिशेबाने घराचे चौसष्ट हिस्से पडतात. दादीचा आठवा भाग, म्हणजे आठ. उरलेले छप्पन्न मुलांत वाटायचे, तर प्रत्येक मुलाला चौदा आणि प्रत्येक मुलीला सात. दादी गेल्यावर तिचे आठही याच रीतीने वाटले गेले, मुलाला दोन, मुलीला एक. आता मुलाचे सोळा झाले, मुलीचे आठ. दोन्ही फुफींचे मिळून सोळा, म्हणजे पाव घर. हा हिशेब पहिलीतल्या पोरालाही जमेल असा आहे, पण सदतीस वर्षे तो कुणी कागदावर मांडला नाही. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर दादांचेच नाव होते. फुफी ईदला येत, बांगड्या आणि साडी घेऊन जात. तोच त्यांचा हिस्सा.

२००८ च्या पुराच्या वर्षी आमची मागची भिंत ओली होऊन फुगली आणि मग बसावेच लागले. दोन सल्ले पुढे आले. एक, सगळे पाडून चार मजले उभे करावेत. दुसरा, खोल्या ठेवाव्यात आणि अंगण विकून त्या पैशात दुरुस्ती करावी. दुसऱ्या सल्ल्यात एक सोय होती. अंगण साधारण जागेच्या पाव भागाएवढे. ते विकले की फुफींचा हिस्साही देता येतो आणि भावांच्या खोल्यांना हात लागत नाही. धाकट्या चाचांनी हे बोलून दाखवले तेव्हा मोठी फुफी म्हणाली, "तर मग अंगणच द्या मला. मी विकत नाही." त्यावर कुणालाच काही बोलता आले नाही.

याच सुमारास आमचा एक भाचा कॅलिफोर्नियातून आला होता. तो म्हणाला, "मामू, तिकडे असल्या घराला लोक लाखो डॉलर मोजतात. एकमजली, लांबट, मागे मोठे अंगण. रँच होम म्हणतात." आम्ही हसलो, पण नंतर शोध घेतला तेव्हा हसण्यासारखे काही नव्हते. क्लिफ मे नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात सान दिएगोत अशी घरे बांधायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती सगळ्या अमेरिकेत पसरली. त्याने नमुना घेतला तो कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश-मेक्सिकन काळाच्या मातीच्या घरांचा. अंगणाभोवती खोल्या आणि खोल्यांपुढे पडवी. ही रीत स्पेनमधून गेली, आणि स्पेनमध्ये रोमन लोकांच्या चौकाला अरबांच्या सहनची जोड मिळाली होती. कोर्दोबाची अंगणे आजही फुलांनी भरतात. त्यांच्या उत्सवाला २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. कच्च्या विटेला तिकडे 'अडोबी' म्हणतात, तो शब्दही अरबी 'अत्‌-तूब'वरून आलेला. म्हणजे ज्या मातीच्या भेंड्यांना आम्ही मागासलेपणाची खूण समजत होतो, त्यांचे भाईबंद कॅलिफोर्नियात प्रतिष्ठेने राहत होते. अर्थात तिकडच्या रँच होमला मोटारीसाठी मोठी जागा लागते. आमच्या गल्लीत रिक्षाही अंग चोरून येते.

अंगण कायमचे वाचवायचे तर वक्फ-अलल-औलाद करावे, असेही एका नातेवाइकाने सुचवले. याचा इतिहास वाचकांना माहीत असावा. घराण्याच्या भल्यासाठी केलेला वक्फ १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने नामंजूर केला. त्याविरुद्ध मौलाना शिबली नोमानींनी मोहीम चालवली, जिनांनी विधेयक मांडले आणि १९१३ मध्ये कायदा होऊन असे वक्फ पुन्हा ग्राह्य ठरले. हेतू चांगला, घराचे तुकडे होऊ नयेत. पण पुष्कळ ठिकाणी याच वाटेने मुलींना वगळले गेले. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याबद्दल मुसलमानांत तीव्र नाराजी आहे, तिच्यात आम्हीही आहोत. तरी अशा वक्फाने स्त्री वारसांचा हक्क बुडवता येणार नाही, हे त्यातले कलम आमच्या मते आपणच आधी लिहायला हवे होते. आम्ही वक्फ केला नाही. फुफींचा हिस्सा त्यांच्या हातात न देता अल्लाहच्या नावावर लिहून टाकणे आम्हाला पटले नाही.

शेवटी जे ठरले ते साधे होते. सर्व वारसांची नावे कार्डावर लावायची. अंगण कुणाच्याच वाट्याला द्यायचे नाही, ते सर्वांचे सामाईक राहील. गाळ्यांच्या भाड्याचा चौथा भाग फुफींना जाईल. धाकट्या फुफीला मुलीच्या लग्नासाठी रोख हवी होती. तिचा हिस्सा बाजारभावाने मोजून, तीन हप्त्यांत देऊन तिला मोकळे केले. फराइजमध्ये याला तखारुज म्हणतात. मोबदला देऊन वारसाने बाहेर पडणे आणि आसवे गाळत हक्कसोडपत्रावर अंगठा देणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नोंदीसाठी एका कार्यालयात दीड वर्ष हेलपाटे घातले. त्याची कथा सांगण्यात अर्थ नाही, प्रत्येकाकडे ती आहे.

मग काम सुरू झाले. पहिला गवंडी म्हणाला, "सगळीकडे सिमेंट मारू, शंभर वर्षे बघायला नको." दुसऱ्याने, जो वयाने सत्तरीचा होता, भिंतीवर हात ठेवून सांगितले की मातीच्या भिंतीला सिमेंट लावले तर ओल आतच कोंडते आणि भिंत आतून सडते. त्याचे ऐकले. चुना भिजवून मुरवला, वाळूत मळला, त्याचा गिलावा केला. खांबांचे बुंधे वाळवीने पोखरले होते. तेवढाच भाग कापून, खाली दगडी उथळा बसवून, नव्या लाकडाचा सांधा दिला. हे साग आम्हाला पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या लाकडातून मिळाले. कुणाचे घर मोडले तेव्हा आमचे उभे राहिले, ही गोष्ट मनाला लागते. चांगले कोरीव खांब हॉटेलवाले आधीच उचलतात. आमच्या नशिबी साधे आले आणि तेच बरे झाले. धाब्याचा अर्धा भाग काढून कौले घातली, कारण दर उन्हाळ्यात माती चढवणारी माणसे आता मिळत नाहीत. अंगणाच्या कडेला न्हाणीघर आणि संडास नव्याने बांधले. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी पावसाळ्यातल्या रात्री परसातल्या संडासला जाऊन पाहावे.

अंगणाकडे उघडणारी एक खोली मोठ्या फुफीसाठी ठेवली. ती अधूनमधून येऊन राहायची. पहाटे आडाजवळ बाज टाकून बसायची, गुलाबाची वाळलेली फांदी छाटायची, आणि आमच्या सुनांना दादीच्या वेळच्या गोष्टी सांगायची. भाड्याचा तिचा भाग दर महिन्याला तिच्या हातात मिळे. ती तो मोजून घ्यायची. आधी कधी मोजत नव्हती.

ती २०१९ मध्ये गेली. तिचा आठवा भाग आता तिच्या मुलामुलींचा आहे. त्यातले दोघे पुण्यात, एक भिवंडीत. दोन चाचाही राहिले नाहीत. प्रॉपर्टी कार्डावर आज चौदा नावे आहेत आणि अंगणात साधी शेड घालायची तरी चौदा सह्या लागतात. बिल्डर येतात, कार्ड पाहतात, चहा पितात आणि जातात. या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा करायचा आहे. चुना भिजत घातला आहे, पुण्याहून अजून दोघांचे पैसे यायचे आहेत.