थायरॉइडच्या गोळीची मात्रा कशी ठरते?

हिमायतनगर - अवटू ग्रंथी म्हणजेच थायरॉइड मंदावल्याचे निदान झाले की लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू होते. पंधरा दिवसांत थकवा गेला नाही की रुग्ण स्वतःच एकाऐवजी दीड गोळी घेऊ लागतो. बरे वाटू लागले की बाटली कपाटात जाते. हिमायतनगर परिसरातून तज्ज्ञाला दाखवायचे तर बहुधा नांदेड गाठावे लागते आणि दर फेरीला दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे चुकीच्या वेळी केलेली तपासणी किंवा मनाने बदललेली मात्रा खिशालाही जड जाते.

हा आजार विरळ नाही. मुंबई, गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये ग्रंथीची मंदता आढळली होती.

मोठा घोटाळा होतो तो अहवाल वाचताना. टीएसएच हे संप्रेरक थायरॉइडचे नव्हे, तर मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचे. थायरॉइड कमी पडू लागली की पीयूषिका तिला जोराने आदेश देते, म्हणजे टीएसएच वाढते. आकडा वाढला म्हणून ‘थायरॉइड वाढला’ असे समजून गोळी कमी करणारे रुग्ण नेमके उलटे करतात. वाढलेले टीएसएच म्हणजे औषध अपुरे आणि फार घटलेले टीएसएच म्हणजे औषध जास्त, असा साधारण हिशेब आहे. प्रौढांमध्ये हा आकडा ०.४ ते ४ च्या आसपास असावा, असे मानले जाते. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो आणि वृद्धांमध्ये तो किंचित अधिक असला तरी चालतो. अपवादही आहे. बाळंतपणातील अतिरक्तस्रावाने पीयूषिकेलाच इजा झाली असेल, तर टीएसएचवर विसंबता येत नाही. तेथे थायरॉक्सिनची पातळी पाहूनच मात्रा ठरवावी लागते.

सहा आठवडे कशासाठी?

थायरॉक्सिन शरीरातून सावकाश जाते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून मात्रा बदलल्यानंतर रक्तातील पातळी स्थिरावून टीएसएच तिच्याशी जुळण्यास सहा ते आठ आठवडे जातात. त्याआधीची तपासणी अर्धवट चित्र दाखवते. या तपासणीसाठी उपाशी राहणे अनिवार्य नाही. मात्र रक्त दर वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, सकाळच्या सुमारास द्यावे आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. मात्रा जुळल्यावर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी बहुधा पुरते.

ग्रंथीचे काम जवळजवळ थांबलेल्या निरोगी तरुणास पूर्ण मात्रा वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते. ६० किलोच्या व्यक्तीस १०० च्या आसपास. वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना मात्र १२.५ किंवा २५ पासून हळूहळू वर नेतात. मंद हृदयावर एकाएकी भार पडू नये, हा हेतू. पुढील बदलही १२.५ ते २५ च्या टप्प्यानेच होतात, कारण थायरॉक्सिन थोडे बदलले तरी टीएसएच कितीतरी पटीने बदलते.

मात्रा वाढवण्यापूर्वी गोळी कशी घेतली जाते, हे विचारायला हवे. आपल्याकडे दिवस चहाने उजाडतो आणि गोळीही त्याच चहासोबत जाते. ती साध्या पाण्यासोबत, खाण्यापिण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिचे शोषण अडवतात. त्यांत चार तासांचे अंतर हवे. आम्लपित्ताच्या काही औषधांचाही असाच परिणाम होतो. आठवडाभर गोळ्या चुकवून तपासणीपूर्वी तीन-चार दिवस नियमाने घेणाऱ्यांच्या अहवालात थायरॉक्सिन ठीक आणि टीएसएच चढलेले, असे विसंगत आकडे येतात. डॉक्टरांना खरे सांगितले नाही तर अकारण मात्रा वाढते.

गरोदरपणात विलंब नको

सर्वाधिक दक्षता गरोदरपणी हवी. पहिल्या काही महिन्यांत गर्भाला आईचेच थायरॉक्सिन मिळते आणि मेंदूची घडण तेव्हाच सुरू असते. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीची गरज पाव पटीने किंवा त्याहूनही अधिक वाढते. दिवस गेल्याचे कळताच आठवड्यात सातऐवजी नऊ गोळ्या घेण्याचा सल्ला अनेक डॉक्टर आधीच देऊन ठेवतात. निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहिले जाते. नेमक्या याच काळात आरोग्य केंद्रातून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या बंद करू नयेत. थायरॉइडची गोळी पहाटे आणि त्या जेवणानंतर, असे वेळापत्रक ठेवावे. प्रसूतीनंतर बहुधा जुन्या मात्रेवर येऊन सहा आठवड्यांनी तपासणी करतात.

मात्रा जास्त झाल्यास छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे, घाम येणे, वजन घटणे ही लक्षणे दिसतात. वजन उतरते म्हणून काहींना ते सुखाचेही वाटते! पण दीर्घकाळ असे राहिल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, हाडे ठिसूळ होतात.

रमजानमध्ये ही गोळी सहेरीच्या किमान अर्धा तास आधी किंवा संध्याकाळच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेता येते. कोणती वेळ सोयीची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. उष्णता, ओल आणि उजेडाने ती निकामी होते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाटली पत्र्याखालच्या फळीवर किंवा चुलीजवळ न ठेवता घट्ट झाकण लावून घरातील सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवावी.