ध्वनिमुद्रित संगीताचा घरगुती आस्वाद

कोलकात्यात १९०२ साली गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा एका तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी १९४८ मध्ये आली आणि एका बाजूला सुमारे वीस मिनिटांचा अवकाश मिळाला. विलंबित ख्यालाचा विस्तार त्यामुळेच घरबसल्या ऐकता येऊ लागला. उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली ध्वनिमुद्रिका आजही रसिक जपून ठेवतात. १९८२ मध्ये सीडी अवतरली.

मुद्रणात असलेले सारे आपल्या कानांपर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे. सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीमध्ये तिचा जवळपास अकरावा हिस्साच उरतो. तानपुऱ्याच्या जवारीतून उमटणारे सूक्ष्म स्वर अशा वेळी पुसट होऊ शकतात.

यंत्रसामग्री घेताना अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटच्या आकड्यांना भुलू नये. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. तो दुप्पट मोठा भासण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. खर्चाचा मोठा वाटा स्पीकरसाठी राखावा, कारण स्वराचा पोत सर्वाधिक तेथेच बदलतो. काही मीटरच्या अंतरासाठी पुरेशी जाड, साधी तांब्याची तार पुरते. महागड्या तारांची गरज नसते.

खोलीचा विचार मात्र बहुतेकांकडून राहूनच जातो. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी यांवरून ध्वनी परावर्तित होतो व शब्द अस्पष्ट होतात. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी हा दोष बराच कमी होतो. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा, उंच स्वरांचा छोटा स्पीकर कानाच्या पातळीवर असावा. स्पीकर भिंतीला चिकटवल्यास खर्ज फुगतो आणि डग्ग्याचा घुमार गायकाच्या आवाजावर पसरतो.

वडिलोपार्जित तबकड्या असतील तर अधिक दक्षता हवी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. झिजलेली सुई खाच कायमची खरवडते. लाखेच्या जुन्या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत, कारण लाख त्यात विरघळते. तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. एकदा नष्ट झालेली खाच पुन्हा मिळत नाही, आणि कित्येक गायकांचा आवाज आज केवळ तेथेच शिल्लक आहे.

सारी सिद्धता झाल्यावर उरते ते श्रोत्याचे काम. इतर व्यवधाने बाजूला सारून वीस मिनिटे एका जागी बसावे. मैफलीतील शिस्त घरात पाळली, तर मध्यम किमतीची यंत्रणाही भरभरून देते.