‘प्वेन्ते’ : साहाय्य आणि संकोच

कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथील शॅबो ह्या कम्युनिटी कॉलेजात १९८१ साली समुपदेशक फेलिक्स गॅलाविझ व इंग्रजीच्या अध्यापिका पॅट्रिशिया मॅग्रा यांनी लॅटिनो विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका तपासल्या. महाविद्यालयात येणारी घरातील ही पहिलीच पिढी. लेखनाचे वर्ग ती टाळीत असे आणि समुपदेशकाकडेही फिरकत नसे. ह्यास औदासीन्य म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या घरी ह्या व्यवस्थेचा परिचयच नाही, तेथील मुलास मदत कोणाकडे मागावी हे कळावे कसे? म्हणून ‘प्वेन्ते’, स्पॅनिश भाषेत सेतू, ह्या प्रकल्पाने समुपदेशकासच लेखनाच्या वर्गाशी जोडले, लॅटिनो साहित्य अभ्यासास लावले आणि त्याच समाजातील व्यावसायिक मंडळींस मार्गदर्शक म्हणून पाचारण केले. १९९३ पासून माध्यमिक शाळांतही हा प्रयोग सुरू झाला.