गुडघ्याच्या वाटीचे अर्बुद

गुडघ्याच्या वाटीचे अर्बुद ही दुर्मीळ अस्थिव्याधी आहे. मानवी शरीरातील सर्वांत मोठे कंडरास्थी असलेल्या वाटीत पेशींची असाधारण वाढ झाल्यास ते उद्भवते. येथील बहुतेक अर्बुदे सौम्य असतात. त्यांत महापेशी अर्बुद व कॉन्ड्रोब्लास्टोमा प्रमुख आहेत. ऑस्टिओसार्कोमा किंवा अन्य अवयवातून पसरलेला कर्करोग क्वचितच आढळतो.

लक्षणे

गुडघ्याच्या पुढील भागात दीर्घकाळ दुखणे, सूज येणे व जिना चढताना वेदना वाढणे ही मुख्य लक्षणे होत. ती सामान्य गुडघेदुखीसारखीच असल्याने निदानास विलंब होतो. काही वेळा किरकोळ धक्क्याने पोखरलेली वाटी मोडते आणि त्यानंतरच आजार उघड होतो.

निदान

प्रथम क्ष-किरण चित्र काढतात. हाडाची झीज सीटी स्कॅनने, तर मऊ ऊतींतील प्रसार एमआरआयने समजतो. क्षयरोग, अन्य जंतुसंसर्ग, संधिवात व परावटू ग्रंथीच्या विकारातूनही असेच चित्र दिसू शकते; म्हणून ऊतिपरीक्षा निर्णायक ठरते. तिचा छेद पुढील शस्त्रक्रियेच्या रेषेतच घ्यावा लागतो. चुकीच्या जागी छेद घेतल्यास रोगपेशी निरोगी ऊतींत पसरून शस्त्रक्रिया अधिक व्यापक करावी लागते.

उपचार

सौम्य अर्बुद खरवडून पोकळीत अस्थिकलम किंवा अस्थिसिमेंट भरतात. वाटीचा मोठा भाग नष्ट झाल्यास ती पूर्ण काढून कंडरा पुन्हा जोडतात. मात्र वाटी मांडीच्या स्नायूंना तरफेसारखा आधार देत असल्याने ती काढल्यावर गुडघा सरळ करण्याची ताकद घटते. ऑस्टिओसार्कोमात शस्त्रक्रियेला रसायनोपचाराची जोड देतात. महापेशी अर्बुद पुन्हा उद्भवू शकते व क्वचित फुप्फुसात पसरते. त्यामुळे उपचारानंतरही नियमित तपासणी आवश्यक असते.

रायगड जिल्ह्यातील सुविधा

मुरुड तालुक्यातील रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालय अलिबाग येथे आहे. अस्थिकर्करोगाच्या विशेष उपचारांची सोय मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आहे. त्याची स्थापना १९४१ मध्ये झाली व १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. पुढे तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. कर्करोगावरील अनेक उपचार या योजनेत समाविष्ट आहेत.